सायनाइड दुप्पट केलं तरी सोनं निम्मंच निघतं, आणखी वाढवू का?

नका वाढवू. सल्फाइड धातुक, म्हणजे गंधकाची खनिजं असलेला सोन्याचा दगड म्हटलं की 'ओता अजून सायनाइड' असं सांगणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सोनं विरघळायला ऑक्सिजनही लागतो आणि २५ अंशांना तो लिटरभर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. तेवढ्याला लिटरमागे ०.१ ग्रॅमच्या आसपास सायनाइड पुरतं. वरचं सगळं सोबतची खनिजं खातात.

पहिला संशय पायरोटाइट या लोह-गंधकाच्या खनिजावर घ्या. वाळल्या भुकटीत लोहचुंबक फिरवा. कांस्यरंगी कण चिकटले तर तोच. काळेभोर असतील तर मॅग्नेटाइट, त्याचा त्रास नाही. पायरोटाइटचं गंधक सायनाइडचं थायोसायनेट करतं आणि सुटलेलं लोह फेरोसायनाइड; दोन्ही सोन्याच्या कामाची नाहीत. एक किलो लोह विरघळलं की सव्वापाच किलो सोडियम सायनाइड स्वाहा! शिवाय लगद्यातला (पाण्यात कालवलेल्या भुकटीतला) ऑक्सिजन तोच आधी पिऊन टाकतो. म्हणून चुन्याने पीएच १०.५ ते ११ वर न्या आणि काही तास नुसती हवा सोडा. लोहाचं फेरिक हायड्रॉक्साइड होऊन कणांवर थर धरतो, त्याला सायनाइड फारसं शिवत नाही. ऑक्सिजन मीटरचा काटा वर चढून स्थिरावेपर्यंत सायनाइडला हात लावू नका. टनाला १००-३०० ग्रॅम लेड नायट्रेटने बऱ्याचदा मदत होते, पण जास्त झालं तर सोन्याचाच वेग मंदावतो.

तांबंही विरघळताना सायनाइड खातं, पण 'तांबं ०.३ टक्के' एवढाच रिपोर्ट असेल तर तो कुचकामी. तांब्याच्या खनिजांपैकी मॅलाकाइट, चाल्कोसाइट जवळजवळ पूर्ण विरघळतात, चाल्कोपायराइट थोडंसंच. खनिज कोणतं ते विचारा. स्टिब्नाइट (अँटिमनीचं सल्फाइड) असेल तर चुन्याचा हात आखडता घ्या, कारण पीएच चढला की तो विरघळतो आणि सोन्यावर पापुद्रा धरतो. पण फार खाली आणलात तर विषारी हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, तेव्हा हा खेळ कारखान्याबाहेरच्यांचा नाही.

हो, हे सगळं सोनं उघडं आहे असं धरून. उरलेला गाळ आणखी बारीक दळून पुन्हा सायनाइडमध्ये घाला. तरीही हलत नसेल तर ते बहुधा आर्सेनोपायराइट या आर्सेनिकयुक्त खनिजाच्या पोटात अडकलंय. तिथे भाजणं, दाबाखालचं ऑक्सिडीकरण किंवा जिवाणू यांनाच इलाज म्हणायचं. धातुक कार्बनी असेल तर गोष्ट उलटी: सोनं विरघळतं आणि त्याच कार्बनला परत चिकटतं. अशा वेळी सोनं आधीच धरून ठेवणारा सक्रिय कार्बन सायनाइडबरोबरच टाकीत लागतो, नंतर नाही.