मेसच्या टेबलावर बसण्याआधी

प्रवेशाबद्दल अभिनंदन. पहिल्याच आठवड्यात ‘रँक किती आली?’ हा प्रश्न तुझ्या ओठांवर येईल. तो गिळून टाक. पवईच्या आयआयटीने २०२३ मध्ये तो विचारू नये अशी लेखी सूचनाच काढली, कारण त्याच्या आडून बहुधा समोरच्याची जात चाचपली जाते. मीही माझ्या काळी तो बिनदिक्कत विचारला होता, आणि समोरचा मुलगा ताटातली उसळ अर्धी टाकून उठून गेला. राजस्थानातल्या कोटा शहरातली दोन वर्षांची शिकवणी, घरची स्वतंत्र खोली आणि इंग्रजी बोलणारे आईवडील यांचाही आपल्या गुणांत वाटा असतो, हे उमगायला मला तिसरे वर्ष उजाडले. आणि हो, खोली झाडायला येणाऱ्या मावशींसमोर पिझ्झ्याचे रिकामे खोके पायाने सरकवू नकोस, उचलून दे.