जे जाणार आहे ते आधी जमव

प्रिय नव्या संग्राहका,

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात माउंट (स्वारीची जनावरं आणि वाहनं), पेट (सोबतीचे छोटे प्राणी) आणि ट्रान्समॉग (कपड्यांची आणि शस्त्रांची रूपं) जमवायला सुरुवात कुठून करावी, असं तू विचारलंस. या प्रश्नाला बहुतेक जण दुर्मिळ माउंटची लांबलचक यादी हातात देतात. यादी कुठेही मिळेल. मला वाटतं, अडचण यादीची नसून क्रमाची आहे. जे खेळातून जाणार आहे ते आधी, जे राहणार आहे ते सावकाश. हे एवढं पाळलंस तर निम्मी धावपळ वाचेल.

हा खेळ नोव्हेंबर 2004 मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून सतत बदलतोय. डिसेंबर 2010 मध्ये कॅटॅक्लिझम हे एक्सपान्शन, म्हणजे खेळाचा मोठा नवा भाग, आलं आणि मूळच्या दोन्ही खंडांची घडीच मोडली. कित्येक जुन्या क्वेस्ट (खेळातल्या कामगिऱ्या) गेल्या, आणि त्यांच्यासोबत त्यांची बक्षिसंही. झुल'गुरूब हा वीस जणांचा रेड, म्हणजे मोठ्या गटाने मिळून लढायची जागा, त्याच वेळी बंद झाला. तिथले स्विफ्ट झुलियन टायगर आणि स्विफ्ट राझाशी रॅप्टर हे दोन माउंट बॉसकडून (तिथल्या मोठ्या शत्रूंकडून) मिळायचे कायमचे थांबले. पुढच्याच वर्षी झुल'गुरूब परत आलं, पण पाच जणांचं डंजन म्हणून, आणि बक्षिसंही वेगळी, एक पँथर आणि चिलखत घातलेला दुसरा रॅप्टर. नाव तेच, जागा तीच, वस्तू मात्र दुसरी. त्याआधी झुल'अमानच्या अस्वलाचंही हेच झालं होतं. वेळेच्या आत ओलीस सोडवले तर मिळणारं अमानी वॉर बेअर 2008 च्या शरदात बंद झालं आणि 2011 मध्ये त्याच्या जागी अमानी बॅटल बेअर आलं.

मग काय जाणार हे आधी कसं ओळखायचं? एक साधी खूण आहे. वस्तू बॉसच्या अंगावरून नशिबाने पडत असेल तर ती बहुधा वर्षानुवर्षं तिथेच राहते. ती 'या सीझनमध्ये हे करून दाखवा' अशा अटीला बांधलेली असेल तर ती जाणार हे धरून चाल. मिथिक प्लसचं (वेळेच्या बंधनात पार करायच्या कठीण डंजनांचं) कीस्टोन मास्टर माउंट, पीव्हीपीचं (खेळाडूविरुद्ध खेळाडू लढतींचं) ग्लॅडिएटर माउंट, एक्सपान्शनच्या शेवटच्या रेडमधल्या शेवटच्या बॉसला हिरोइक या कठीण पातळीवर मारल्याचं बक्षीस, हे सगळं दुसऱ्या प्रकारातलं. गॅरोशला वेळेत मारणाऱ्यांना कोर'क्रॉन वॉर वुल्फ मिळायचा, आर्किमोंडला मारणाऱ्यांना ग्रोव्ह वॉर्डन. आज तेच बॉस तू एकट्याने काही सेकंदांत पाडशील, पण ती बक्षिसं मिळणार नाहीत.

इथे नवे लोक एकच चूक पुन्हा पुन्हा करतात. ते नव्या एक्सपान्शनची तारीख बघून दिवस मोजतात. पण दार त्या दिवशी बंद होत नाही, त्याआधीच्या प्री-पॅचला, म्हणजे नव्या भागाची तयारी करणाऱ्या अपडेटला, होतं. लीजन हे एक्सपान्शन 30 ऑगस्ट 2016 ला आलं, पण ग्रोव्ह वॉर्डन जुलैच्या प्री-पॅचलाच गेला. लीजनमधल्या मेज टॉवर या एकट्याने पेलायच्या आव्हानाचंही तेच. बॅटल फॉर अ‍ॅझेरॉथ 2018 च्या ऑगस्टमध्ये आलं, पण टॉवर जुलैमध्येच बंद झाला होता. म्हणून तुझ्या वहीत तारीख लिहायचीच असेल तर प्री-पॅचची लिही. ती जाहीर झालेली नसेल तर एक्सपान्शनच्या तारखेतून किमान दीड महिना वजा कर आणि तीच शेवटची मुदत समज.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. गेलेलं सगळंच कायमचं जात नाही. मेज टॉवर 2021 च्या अखेरीस टाइमवॉकिंगच्या, म्हणजे जुने भाग पुन्हा खेळायच्या सोयीच्या, रूपात परत आला. लीजनच्या काळातली बक्षिसांची मूळ रूपं परत आली नाहीत, नवे रंग आले. 2024 च्या उन्हाळ्यात मिस्ट्स ऑफ पँडारिया या जुन्या एक्सपान्शनचा रीमिक्स, म्हणजे ठराविक काळापुरती वेगवान आवृत्ती, झाला आणि शा ऑफ अँगर या बॉसचा काळा क्लाउड सर्पंट, ज्याच्यामागे लोक वर्षानुवर्षं दर आठवड्याला जात होते, तो चक्क ब्रॉन्झ हे तिथलं चलन मोजून विकत मिळू लागला. म्हणून एखादा ड्रॉप (बॉसकडून नशिबाने पडणारी वस्तू) फारच दुर्मिळ असेल तर त्यासाठी झोप सोडू नकोस. खेळ बनवणारे तो कधीतरी सोप्या वाटेने देतील अशी बऱ्यापैकी शक्यता असते. सीझनच्या अटीवर दिलेली वस्तू मात्र ते जशीच्या तशी क्वचितच परत करतात, कारण ज्यांनी ती कमावली त्यांना दिलेला तो शब्द असतो. हा फरक मला योग्य वाटतो आणि तो तसाच राहावा असंही वाटतं.

ट्रेडिंग पोस्ट या खेळातल्या मासिक दुकानाकडे दुर्लक्ष करू नकोस. फेब्रुवारी 2023 पासून ती स्टॉर्मविंड आणि ऑर्ग्रिमार या खेळातल्या राजधान्यांमध्ये आहे. दर महिन्याला नुसतं जाऊन पेटी उघडलीस तरी 500 टेंडर (तिथलं चलन) मिळतात, आणि महिन्याची छोटी कामं करून आणखी 500. वस्तू दर महिन्याला बदलतात. एखादी आवडली पण टेंडर कमी पडतात असं झालं तर ती फ्रीझ कर, म्हणजे पुढच्या महिन्यातही तुझ्यासाठी राहील. फ्रीझ एकाच वस्तूला करता येतं, म्हणून ती जागा महागड्या माउंटसाठी मोकळी ठेव, पाचपन्नास टेंडरच्या टोपीवर घालवू नकोस.

आता नशिबाच्या ड्रॉपबद्दल, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच होतो. साधारण एक टक्का शक्यता असलेला माउंट शंभर वेळा प्रयत्न केला की मिळतोच, असं लोक धरून चालतात. हिशेब तसा नाही. शंभर प्रयत्नांनंतरही सुमारे 37 टक्के लोक रिकाम्या हाताने उभे असतात. निम्म्या लोकांना मिळायला 69 प्रयत्न लागतात, नव्वद टक्क्यांना मिळायला 230 च्या आसपास. आणि मागचे दोनशे वाया गेले म्हणून पुढच्या प्रयत्नाची शक्यता वाढत नाही, ती तेवढीच राहते. एका कॅरेक्टरने दर आठवड्याला एकदा गेलास किंवा गेलीस तर वर्षभरात मिळण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या थोडी वर. पाच कॅरेक्टर नेलीस तर तीच नव्वदीच्या पुढे. माउंट 2012 पासून सगळ्या अकाउंटचा असतो, त्यामुळे तो कोणत्या कॅरेक्टरवर पडला याने फरक पडत नाही. लेव्हल वाढवलेली चारपाच अल्ट, म्हणजे जादाची कॅरेक्टर, हाच संग्राहकाचा खरा आधार.

आइसक्राउन सिटाडेल या रेडमधला इनव्हिन्सिबल हा घोडा उदाहरणादाखल घे, कारण तो पहिला हवा असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. आत जाण्याआधी पोर्ट्रेटवर (स्क्रीनवरच्या आपल्या कॅरेक्टरच्या चित्रावर) राइट क्लिक करून रेडची काठिण्यपातळी हिरोइक आणि जुन्या रेडचा आकार 25 खेळाडू असा लाव. दहाच्या आकारात हा घोडा पडतच नाही, आणि नॉर्मलवरही नाही. आत गेल्यावर मिनिमॅपवर '25' आणि हिरोइकची खूण दिसते का ते पहिल्या बॉसआधी बघ. हा घोडा देणाऱ्या लिच किंग या शेवटच्या बॉसपर्यंत जायला खालचे चार आणि वरच्या तिन्ही विंगमधले सगळे बॉस पाडावे लागतात. त्यातल्या दोन जागा अडवतात. गनशिपच्या लढाईत जहाजावरच्या झॅफॉडकडून रॉकेट पॅक घेऊन तो आधी अंगावर चढव, नाहीतर समोरच्या जहाजावर उडी मारताच येणार नाही. आणि व्हॅलिथ्रिया या हिरव्या ड्रॅगनला मारायचं नसतं, बरं करायचं असतं. तुझ्या कॅरेक्टरकडे हीलिंगचा स्पेक (लढण्याची भूमिका) असेल तर त्या एका लढाईपुरता तो लाव.

शेवटी लिच किंग. त्याची 10 टक्के हेल्थ उरली की तो एका फटक्यात समोरच्या सगळ्यांना मारतो. तूही मरशील. हे कथेतच आहे, तुझं काही चुकलेलं नाही. स्क्रीनवर रिलीजचं बटण येईल, ते दाबू नकोस. थांब. कथेतला टिरियन त्याची फ्रॉस्टमोर्न ही तलवार तोडतो, टेरेनास राजाचा आत्मा सगळ्यांना उठवतो आणि मग उरलेले दहा टक्के संपवायचे असतात. पहिल्यांदा जाणारे घाबरून बटण दाबतात आणि मग सगळ्या लढाईला पुन्हा भिडावं लागतं.

उल्दुआर या रेडमधल्या मिमिरॉन्स हेड या माउंटसाठी चूक वेगळ्या ठिकाणी होते. हा माउंट देणाऱ्या यॉग-सॅरॉन या बॉसआधीच्या गोल दालनात फ्रेया, होडिर, थोरिम आणि मिमिरॉन हे चार रक्षक मदत करायला तयार उभे असतात. त्यांच्यापैकी एकाशीही बोलून मदत घेतलीस तर हा माउंट पडणार नाही. दालनातून सरळ चालत जा. हातातला माउस सवयीने त्यांच्यावर क्लिक करतो, म्हणून आत शिरताना सावध राहा.

डंजनमधले माउंट वेगळ्या गतीने मिळवता येतात. स्ट्रॅथोमच्या लॉर्ड ऑरियस रिव्हेंडेरचा डेथचार्जर याला आठवड्याचं लॉकआउट (आठवड्याला एकदाच जाण्याची अट) नाही. मागच्या दाराने जा, रिव्हेंडेरला मार, बाहेर ये, पोर्ट्रेटवर राइट क्लिक करून इन्स्टन्स (डंजनची तुझ्यापुरती प्रत) रीसेट कर, पुन्हा जा. तासाला दहा इन्स्टन्सची मर्यादा आहे, ती ओलांडलीस तर खेळ आत सोडत नाही. म्हणून घाई करण्यात अर्थ नाही, सहा मिनिटांत एक फेरी पुरे. सेथेक हॉल्सच्या अंझूकडचा रेव्हन लॉर्ड मात्र हिरोइक डंजनमध्ये आहे, तिथे एका कॅरेक्टरला दिवसाला एकच फेरी.

भारतातून अमेरिकी सर्व्हरवर खेळत असशील तर आठवड्याचं रीसेट (ज्यानंतर रेड पुन्हा करता येतात) आपल्याकडे मंगळवारी रात्री साडेआठला होतं, रोजचंही त्याच वेळेला. याचा फायदा घे. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता एक फेरी मार आणि जेवण करून त्याच रात्री पुढच्या आठवड्याची, म्हणजे त्या अल्टवर उरलेले सहा दिवस डोक्याला ताप नाही. दूरच्या सर्व्हरमुळे पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) वाढतो, पण जुन्या रेडमध्ये तो आड येत नाही. तिथे बॉस तुझ्या दोन फटक्यांत मरतो. पिंगचा त्रास मिथिक प्लस आणि पीव्हीपीमध्ये होतो, आणि जाणारी माउंट नेमकी तिथेच असतात. हे आधी लक्षात घेऊन ठरव की त्यातलं तुला काय झेपेल.

ट्रान्समॉगबद्दल थोडक्यात. ही सोय 2011 च्या नोव्हेंबरमध्ये आली तेव्हा प्रत्येक कपडा स्वतः सांभाळून ठेवावा लागे, बँका भरून वाहायच्या. लीजनच्या प्री-पॅचपासून रूप संग्रहात नोंदलं जातं, वस्तू विकली तरी चालते. 2024 मध्ये वॉरबँड ही अकाउंटमधली सगळी कॅरेक्टर जोडणारी सोय आल्यानंतर तर वॉरियर जुन्या रेडमधून मेजचे (जादूगाराचे) झगेही नोंदवू शकतो. म्हणजे सगळ्यात वेगाने मारणारं एकच कॅरेक्टर ट्रान्समॉगसाठी पुरतं. दोन गोष्टी मात्र बघ. व्हेंडरकडून (खेळातल्या दुकानदाराकडून) करन्सीने घेतलेल्या वस्तूला रिफंडची दोन तासांची मुदत असते. तोवर रूप नोंदलं जात नाही, आणि त्याआधी परत केलंस तर हाती काहीच राहत नाही. बाइंड न झालेली, म्हणजे अजून कुणा कॅरेक्टरशी बांधली न गेलेली वस्तूही तशीच. ती अंगावर चढवल्याशिवाय संग्रहात येत नाही, म्हणून ऑक्शनला टाकण्याआधी तिचं रूप आपल्याकडे आहे का ते तपास. जाण्याआधी बॅगा रिकाम्या कर. भरलेल्या बॅगेने आइसक्राउनला गेलं की निम्मा वेळ काय फेकायचं यात जातो.

गोल्डचा आणि पैशांचा विषय मी टाळणार नाही. मायटी कॅरॅव्हॅन ब्रूटोसॉर हा माउंट पन्नास लाख गोल्डला मिळायचा. 2020 मध्ये शॅडोलँड्स येताना तो व्हेंडरकडून गेला आणि ब्लॅक मार्केट या खेळातल्याच दुर्मिळ वस्तूंच्या लिलावात पोचला. त्याचाच सोनेरी भाऊ ऑक्टोबर 2024 मध्ये खऱ्या पैशांच्या दुकानात 90 डॉलरला आला. त्याच्या पाठीवर ऑक्शन हाउस (खेळाडूंचं लिलावघर) असतं, म्हणून बाजार करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. पण ज्याचा व्यापार नाही त्याने तो केवळ संख्या वाढवायला घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. गोल्ड कमी पडत असेल तर वॉव टोकन (खऱ्या पैशांत घेऊन खेळात गोल्डला विकायचं) हा अधिकृत मार्ग आहे. बाहेरच्या विक्रेत्याकडून स्वस्त गोल्ड घेतलंस तर अकाउंट बंद होऊ शकतं, आणि अकाउंट गेलं की संग्रह गेला.

स्पेक्ट्रल टायगरसारखे माउंट देणारे, कागदी ट्रेडिंग कार्डवरचे कोड हा फसवणुकीचा जुना अड्डा आहे. ती कार्डं छापणं 2013 मध्येच थांबलं. आज कोणी ताजं कोड आहे म्हणून आधी पैसे मागत असेल तर ते वापरलेलं किंवा बनावट असण्याचीच शक्यता जास्त. अकाउंटला ऑथेंटिकेटर (लॉगिनची दुसरी खातरजमा) आजच लाव, पासवर्ड ई-मेलच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेव, आणि गिल्डमधल्या (खेळातल्या आपल्या संघातल्या) ओळखीच्याने 'तुझ्या वतीने माउंट काढून देतो' म्हटलं तरी लॉगिन देऊ नकोस.

पहिल्या महिन्यासाठी एवढंच पुरेल. चालू सीझनमधलं एक माउंट निवड, जे तुझ्या वेळेत आणि पिंगमध्ये बसेल, आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी फक्त त्यालाच दे. मंगळवारी रात्री आइसक्राउन आणि उल्दुआर दोन कॅरेक्टरवर. ट्रेडिंग पोस्टचं काम महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उरकून टाक. ऑक्टोबरअखेर हॅलोज एंड हा खेळातला सण येतो, तेव्हा हेडलेस हॉर्समन या बॉसला रोज एकदा, आणि फेब्रुवारीत लव्ह इज इन द एअरच्या रॉकेटसाठीही तसंच. रॅरिटी हे अ‍ॅडऑन (खेळाला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकून ठेव, ते किती प्रयत्न झाले याची मोजदाद ठेवतं. आकडा शंभराच्या पुढे गेला की वरचा हिशेब एकदा पुन्हा वाच आणि तो माउंट महिनाभर बाजूला ठेवून दुसरा घे. तो बॉस कुठेही जात नाही.

तुझा शुभचिंतक