कमोडिटीला मराठीत काय म्हणायचं: वस्तू, माल, जिन्नस की क्रयवस्तू?

चिकोडीला एम.कॉम. करणाऱ्या ताईंनी विचारलंय: कन्नड नोट्समध्ये कमोडिटीला 'सरकु' आहे, मराठी पुस्तकात 'वस्तू' आहे, आणि भाऊ मोबाइलवर ज्याचे भाव बघत बसतो त्यालाही कमोडिटीच म्हणतो. मग गूळ कमोडिटी आहे का? दूध आहे का? आणि मराठीत एकच शब्द कोणता धरायचा?

ताई, एकच शब्द धरू नका. मी निपाणीत अडत दुकानात बावीस वर्षं वह्या लिहिल्या. तिथं जे कळलं त्यावरून सांगतो.

आधी 'वस्तू'ची अडचण. वस्तू व सेवा करातली वस्तू म्हणजे विकायची कुठलीही चीज. शिवलेला झगा, फ्रिज, लग्नाची पत्रिका, सगळं त्यात आलं. प्रत्येक कमोडिटी ही वस्तू असते, पण प्रत्येक वस्तू कमोडिटी नसते. कन्नडमधला 'सरकु' आपल्या 'माल' शब्दाच्या जवळ जातो. नुसती वस्तू वेगळी आणि विकायला काढलेला माल वेगळा, एवढा फरक तरी त्यात राहतो.

खरी मेख पुढं आहे. काही वर्षांपूर्वी रायबागच्या मावसभावाबरोबर हळद घेऊन सांगलीला गेलो होतो. तो मोबाइलवर वायद्याचा, म्हणजे पुढच्या ठरलेल्या महिन्यात द्यायच्या मालाचा आज ठरलेला भाव बघून आला होता. सौद्यात बोली त्यापेक्षा बरीच खाली थांबली, तसा त्याचा चेहरा उतरला. लुटलं म्हणाला. मी त्याला खरेदीदाराच्या हाताकडं बघायला सांगितलं. तो माणूस ढिगातून एक हळकुंड उचलायचा, कट्‌कन मोडायचा, आतला रंग उजेडात धरायचा. मग तळहातानं ढीग पसरून हळकुंडं किती आणि गड्डे किती ते बघायचा. आमच्या ढिगात गड्डे जास्त होते आणि हळकुंड मोडताना नीट वाजत नव्हतं, म्हणजे ओल राहिली होती. बोली लागली ती त्या ढिगाला.

मोबाइलवरचा भाव कुठल्याच ढिगाचा नव्हता. शेतमालाचे वायदे चालतात त्या एनसीडीईएक्स या बाजारात हळदीच्या वायद्याचं मूळ केंद्र निजामाबाद. तिथला भाव ठरलेल्या प्रतीच्या, ठरलेल्या ओलाव्याच्या आणि ठरलेल्या महिन्यात गोदामात पोचवायच्या हळदीचा असतो. ती रायबागच्या रानातली की आणखी कुठली, हे कुणी विचारत नाही. प्रतीत बसलेलं एक पोतं काढून त्याच प्रतीचं दुसरं ठेवलं तरी कुणाचं बिघडत नाही. अर्थशास्त्रात काटेकोरपणे कमोडिटी म्हणतात ती याला. पिकवणाऱ्याचं नाव गळून पडतं आणि प्रत तेवढी उरते.

या कसोटीवर तुमचं दूध घ्या. गावच्या डेअरीत फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधात उरणारे घन घटक) मोजतात, आकडा लिहितात आणि तुमचं-माझं दूध एकाच कॅनमध्ये ओततात. म्हणून दूध पक्की कमोडिटी, भावाच्या मोबाइलवर ते दिसत नसलं तरी. गूळ अर्धामुर्धा. गुळाचे वायदेही झालेत, पण आपल्याकडच्या सौद्यात अजून रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, रंग आणि कणी बघूनच बोली लागते. तंबाखू त्याहून अवघड. विडीच्या तंबाखूची प्रत व्यापाऱ्याच्या बोटांत आणि नाकात. प्रतही तोच ठरवणार आणि भावही तोच. 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीचे तंबाखू उत्पादक महामार्गावर बसले, त्या संतापाच्या मुळाशी हेच होतं असं मला वाटतं. प्रत ठरवायचं माप तिसऱ्याच्या हातात नसलं की शेतकऱ्याला भांडायला आकडाच राहत नाही.

तुमच्या भावाचं चुकतं ते एवढंच की वायदा चालतो तेवढीच कमोडिटी असं तो धरतो. डिसेंबर 2021 मध्ये सेबीनं, म्हणजे अशा बाजारांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, गहू, हरभरा, मूग, सोयाबीन धरून सात शेतमालांचे वायदे थांबवले. म्हणून अथणीच्या यार्डातलं सोयाबीन काही कमोडिटी व्हायचं थांबलं नाही.

कायद्यात हाच शब्द तिसऱ्याच अर्थानं येतो. 1955 चा जीवनावश्यक वस्तू कायदा प्रतीचं काही बघत नाही, यादी बघतो. मार्च 2020 मध्ये मास्क आणि सॅनिटायझर त्या यादीत घातले आणि जूनअखेरपर्यंत ठेवले. तिथं 'वस्तू' हाच शब्द बरोबर.

आणि 'पाणी ही क्रयवस्तू झाली', 'शिक्षण ही क्रयवस्तू झाली' अशी वाक्यं वाचाल तिथं मार्क्सचा अर्थ आहे. 1867 च्या 'भांडवल' ग्रंथाची सुरुवातच कमोडिटीपासून होते. तिथं प्रश्न प्रतीचा नाही, विकण्यासाठी केली की वापरण्यासाठी, हा आहे. खानापूरकडच्या रानातली रताळी घरच्या चुलीत भाजली तर ते खाणं. त्याच सरीतली बेळगावच्या यार्डात उतरली की क्रयवस्तू. रताळं तेच.

मला स्वतःला 'जिन्नस' आवडतो. मूळ अरबी 'जिन्स', म्हणजे जात, प्रकार. महसुलाच्या जुन्या कागदांत 'जिन्सवार' म्हणजे पीकवार. किराणा दुकानांच्या कन्नड पाट्यांवर 'दिनसि' असतं, तेही याच शब्दाचं रूप. एकेक नग न बघता जात आणि प्रत बघणं हा कमोडिटीचा गाभा या शब्दातच आहे. आज आपण तो लाडवाच्या साहित्यापुरता ठेवला, याचं मला वाईट वाटतं.

पेपरात मात्र जिन्नस लिहून गुण घालवू नका. वायदे बाजाराच्या उत्तरात सरळ 'कमोडिटी' लिहा, मराठी शब्द हवाच असेल तर 'प्रमाणित माल' असं फोडून सांगा. कायद्याच्या उत्तरात 'वस्तू', मार्क्सवर 'क्रयवस्तू'. आणि कुठल्या अर्थानं घेतलाय ते पहिल्याच ओळीत लिहा.