पुठ्ठा आधी, पट्टी मागून : क्रॉलरच्या चॅसिसवर वाचकांचे प्रश्न

रिमोटवर चालणारी, खऱ्या जीपसारखी दिसणारी, दगडांवरून मुंगीच्या पावलाने चढणारी दहाव्या मापाची गाडी म्हणजे स्केल क्रॉलर. मागच्या महिन्यात आपण तिच्या टायरांबद्दल बोललो आणि त्यानंतर जी पत्रं आली त्यातली निम्मी चॅसिसची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची निघाली, म्हणून हा महिना चॅसिसचा.

प्रश्न : दादा, मी भुसावळचा, आयटीआयला फिटर ट्रेड करतोय. मित्राकडून जुन्या क्रॉलरचे दोन्ही अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, ५५ टर्नची मोटर आणि चार शॉक मिळाले, चॅसिस मोडलेलं होतं ते त्याने फेकून दिलं. मला ते स्वतः बनवायचंय आणि वर थारची बॉडी टाकायचीय. एक जण म्हणतो ५ मिमीचं लोखंड वापर म्हणजे जन्मात मोडणार नाही, दुसरा म्हणतो कार्बन फायबरशिवाय हात लावू नको. माझ्याकडे हॅक्सॉ, कानस, गुण्या आणि हँड ड्रिल आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : भो, दोघांचंही ऐकू नको. कुठला धातू हा शेवटचा प्रश्न आहे आणि सगळे तोच पहिला विचारतात.

आधी बॉडी हातात घे आणि तिच्या चाकांच्या पुढच्या आणि मागच्या कमानीच्या मध्यांमधलं अंतर मोज. २०२० ची नवी थार आहे ना, तिचा खरा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) २४५० मिमी, म्हणजे दहाव्या मापात २४५. पाच दरवाजांची रॉक्स असेल तर २८५० चे २८५. आणि बाजारातले क्रॉलर बघ, एससीएक्स१० च्या दुसऱ्या पिढीचा व्हीलबेस ३१३ आहे, टीआरएक्स-४ डिफेंडरचा ३२४. तुला लिंक (अ‍ॅक्सलला चॅसिसशी जोडणाऱ्या दांड्या) आणि ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सचा फेरा अ‍ॅक्सलपर्यंत नेणारे दांडे) मिळाले असतील तर ते जुन्या गाडीच्या मापाचे असणार, म्हणजे ते आहेत तसे बसवून तू ३१३ वर चॅसिस बांधलंस आणि वर २४५ ची थार ठेवलीस तर चाकं मडगार्ड सोडून बंपरखाली येतील. म्हणून व्हीलबेस ठरवायचा बॉडीवरून, मग त्याला पुरतील असे लिंक कापायचे, मग शाफ्ट.

माप ठरलं की सपाट फळी घे, तिच्यावर रेघ आखून दोन्ही अ‍ॅक्सल चाकांसकट बरोबर त्या अंतरावर ठेव, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर गिअरबॉक्स बसव, जितक्या उंचीवर तुला गाडीचं पोट हवंय तितक्याच उंचीचा ठोकळा. आता ही बिनचॅसिसची गाडी झाली. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काप (मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा चालतो, बुटाच्या खोक्याचा जास्त चांगला), टाचणीने भोकं पाड, शॉक कुठे येतो, लिंक कुठे, सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) कुठे, सगळं त्या पुठ्ठ्यावर. मग एका बाजूचं चाक पूर्ण वर उचल, दुसरं पूर्ण खाली सोड आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरव. चाक पट्टीला घासतंय का, वर आलेला अ‍ॅक्सल मोटरला लागतोय का, खाली लटकलेल्या चाकाचा ड्राइव्हशाफ्ट निसटतोय का, हे तीन तपास. पुठ्ठा चारदा कापला तरी काही जात नाही.

कंप्युटरवर आखून प्रिंट काढणार असशील तर प्रिंट शंभर टक्क्यांवरच काढ. कागदात बसवण्याच्या नादात प्रिंटर ते ९७ टक्क्यांवर आणतो आणि तुझे ३१३ चे ३०४ होतात, सगळी भोकं एकमेकांशी जुळतात त्यामुळे चूक दिसत पण नाही, दिसते ती थेट बॉडी टाकल्यावर. कागदावर १०० मिमीची एक रेघ आखून ठेव आणि स्टीलच्या पट्टीने ती आधी मोज.

आता धातू. ३५० मिमी लांब, २० रुंद अशा दोन पट्ट्या ५ मिमी लोखंडाच्या केल्या तर जवळजवळ साडेपाचशे ग्रॅम होतात, त्याच ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या केल्या तर ११५ च्या आत. हे जास्तीचे सव्वाचारशे ग्रॅम गाडीच्या पोटाच्या वर बसतात, जिथे आपल्याला वजन अजिबात नकोय. आणि दोन-तीन किलोच्या गाडीने ३ मिमीची पट्टी वाकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही, मोडतात ते प्लास्टिकचे जोड आणि रॉड एंड (लिंकच्या टोकाचे फिरते जोड). कार्बन फायबर हलकं असतं, पण त्याचा भुगा फुफ्फुसाला वाईट आणि तो वीज वाहतो, घासलेल्या वायरचा शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही, घरच्या ओट्यावर हॅक्सॉने कापायची ती वस्तू नाही. तू ३ मिमीची अ‍ॅल्युमिनियमची सपाट पट्टी आण. काटकोनात वाकवायची असेल तर ५०५२ ग्रेड माग, ६०६१-टी६ कडक असतं, कमी त्रिज्येत वाकवलं की कोपऱ्यात तडकतं. स्लायडिंग खिडकीवाल्याकडचे तुकडे फुकट मिळतात खरे पण त्यांची भिंत पातळ, बंपर आणि बॅटरीच्या ट्रेला वापर, मुख्य पट्टीला नको.

भोकं पाडताना दोन्ही पट्ट्या एकावर एक डबल टेपने चिकटव, वाइसमध्ये धर आणि एकदमच पाड, म्हणजे तिरकं गेलं तरी दोन्हीकडे सारखंच तिरकं. सेंटर पंच मार, नाहीतर हँड ड्रिल घसरतं. एम३ चा स्क्रू आरपार जायचा असेल तर ३.२ चं भोक, पट्टीतच आटे पाडायचे असतील तर २.५ चं आणि मग टॅप. टॅपला रॉकेल लाव (मिळालं तर, आता कुठे मिळतं म्हणा, मशीन ऑइल पण चालेल), अर्धा फेरा पुढे पाव फेरा मागे, तुला मास्तरांनी शिकवलंच असेल. कडेपासून भोकाचा मध्य निदान ६ मिमी आत ठेव. दोन पट्ट्यांना जोडणारे आडवे तुकडे निदान तीन हवेत, पुढे, पोटाशी आणि मागे, आणि घट्ट करायच्या आधी दोन्ही कर्ण मोज, घराचा पाया आखताना गवंडी मोजतो तसेच. कर्ण सारखे नसले तर गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढत राहते आणि आपण रिमोटवरची ट्रिम (गाडी सरळ चालावी म्हणून असलेलं बटण) फिरवत बसतो.

पोटाखालच्या प्लेटला स्वयंपाकघरातला एचडीपीईचा चॉपिंग बोर्ड काप. आपल्याकडचा काळा बसाल्ट अ‍ॅल्युमिनियमला खातो, गाडी खडकावर अडकून बसते, एचडीपीई मात्र साबणासारखं सरकतं. आईला विचारून काप.

माझी फजिती पण सांगतो. पहिलं चॅसिस केलं तेव्हा मला वरची कड वाकवलेल्या सी-आकाराच्या पट्ट्या हव्या होत्या, एकच ड्रॉइंग काढलं, खाली लिहिलं नग २ आणि फॅब्रिकेशनवाल्याला दिलं. त्याने दिले दोन नग, दोन्ही डाव्या बाजूचे. त्याची काहीच चूक नव्हती. त्यातली एक पट्टी अजून माझ्या दुकानात रंगाचे डबे उघडायला आहे.

प्रश्न : नमस्कार सर. मी धुळ्याचा, वय ४६, हा नाद मुलामुळे लागला आणि आता मुलगा पुण्याला शिकायला, गाडी माझ्याकडे. चॅसिस घरीच केलं, ३१३ व्हीलबेस, दिसायला झकास. लळिंगच्या पायथ्याच्या दगडांवर नेली तर जरा चढ आला की मागे उलटते. शिवाय थ्रॉटल दिला की पुढची एक बाजू वर उचलली जाते, नेहमी एकच बाजू. शॉक बदलू का?

उत्तर : साहेब, तुमचे हे दोन वेगळे आजार आहेत, एका औषधाने जाणार नाहीत.

उलटण्याचं आधी. किराणा दुकानातला किंवा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा घ्या (आमच्या जळगावात तर सोन्याच्या पेढ्यांमुळे काट्यांना तोटाच नाही), पुढची दोन चाकं काट्यावर आणि मागची त्याच उंचीच्या पुस्तकांवर ठेवा, मग उलट करा. समजा पुढे १.२ किलो भरली आणि मागे १.४. म्हणजे ४६ टक्केच वजन पुढे आहे, क्रॉलरला ५५ ते ६० हवं. तुमची बॅटरी बहुतेक मागच्या अ‍ॅक्सलजवळ असणार, जागा तिथेच मोकळी दिसते ना. ती २५० ग्रॅमची बॅटरी २०० मिमी पुढे सरकवली की पुढच्या चाकांवर साधारण १६० ग्रॅम वाढतात, फुकटात. मग पुढच्या दोन चाकांत ८० ८० ग्रॅमचं पितळ घाला, आता पुढे १.५२ आणि मागे १.२४, झाले ५५ टक्के.

पण माझं मत विचाराल तर त्याच्याही आधी उंची बघा. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १०० मिमीवर धरला तर ४६ टक्क्यांवर ती उभ्या-उभ्या साधारण ५५ अंशाला मागे कलंडेल, ५५ टक्के केले तर ६० च्या आसपास. आणि काहीच पुढे न सरकवता गुरुत्वमध्य फक्त १५ मिमी खाली आणला तरी जवळजवळ तेच ६० मिळतात. ही उभ्या गाडीची आकडेमोड झाली, थ्रॉटल दिल्यावर आणि शॉक दबल्यावर कोन अजून कमी होतो, पण प्रमाण तेच. तर छतावरचं कॅरिअर, त्यावरची स्टेपनी, जेरीकॅन, कुऱ्हाड, फावडं हे सगळं आधी उतरवा. मला माहितीय जीवावर येतं, फोटोत त्याचीच तर मजा असते. फोटोसाठी लावा, चढासाठी काढा.

आता एक बाजू उचलण्याचं. मोटर ड्राइव्हशाफ्टला पिळते, शाफ्ट अ‍ॅक्सलला पिळतो आणि तोच पीळ उलटा चॅसिसला बसतो, म्हणून नेहमी एकच बाजू. शॉक बदलायची गरज नाही, आधी बघा की शॉक चॅसिसवर फार आत, मधोमध तर नाही ना बसवलेत, जितके बाहेरच्या बाजूला तितका पीळ कमी. स्प्रिंग थोडी कडक आणि तेल थोडं जाड करून बघा. खरा उपाय म्हणजे गिअरचं रिडक्शन (वेग कमी करून जोर वाढवणं) शाफ्टच्या पुढे, अ‍ॅक्सलमध्ये जास्त घ्यायचं, म्हणजे शाफ्टवर जोरच कमी येतो, चाकांपाशीच वेगळे गिअर असलेल्या पोर्टल अ‍ॅक्सलमध्ये पीळ कमी जाणवतो तो यामुळेच, पण तो खर्चाचा मामला आहे.

अजून एक. मागच्या वरच्या लिंकला चॅसिसवर एकच भोक असेल तर त्याच्या वर खाली ७ ७ मिमीवर अजून दोन पाडा. चढावर गाडीचा मागचा भाग थ्रॉटलला उड्या मारत असेल तर लिंकचं चॅसिसकडचं टोक एक भोक वर घ्या, ढुंगण उचलणं कमी होतं. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही.

प्रश्न : थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकचं पूर्ण चॅसिस छापलं, मस्त ताठ होतं. मे महिन्यात शहाद्याला मामांकडे नेलं, गाडी दुपारी कारच्या डिकीत राहिली आणि संध्याकाळी चॅसिस केळासारखं वाकलेलं. इन्फिल (आतला भराव) वाढवू का?

उत्तर : इन्फिल शंभर टक्के केलंत तरी वाकेल. पीएलए ६० अंशाच्या आसपास मऊ पडतं, आपल्याकडे बाहेर ४४ असताना बंद कारमध्ये तेवढं सहज होतं. पीईटीजी प्लास्टिक ८० च्या जवळपास टिकतं, एबीएस आणि एएसए शंभरच्या पुढे, पण ते छापताना खोली हवेशीर ठेवा. मी तर म्हणतो पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या करा आणि सर्व्हो माउंट, बॅटरी ट्रे असले वेडेवाकडे भाग छापा, प्रिंटरचा खरा फायदा तिथेच आहे. आणि हो, त्या डिकीत लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पण होती का? असेल आणि जरा जरी फुगली असेल तर ती परत चार्ज करायची नाही.

प्रश्न : भाऊ, मी अमळनेरहून लिहितेय. मुलगा दहावीत आहे, त्याने चॅसिस स्वतः केलं, मला कौतुक आहे. पण गाडी वरून दाबली की पुढची चाकं आपोआप उजवीकडे वळतात. तो म्हणतो सर्व्हो खराब आहे, २५ किलो ताकदीचा नवीन पाहिजे. घेऊन देऊ का?

उत्तर : ताई, सध्या पैसे पर्समध्येच ठेवा. गाडी चालू करा म्हणजे सर्व्हो आपली जागा धरून बसेल, मग वरून दाबताना सर्व्होच्या हॉर्नकडे, म्हणजे त्याच्या त्या छोट्या दांडीकडे बघा. दांडी जागेवरच आहे आणि चाकं तरी वळतायत, तर सर्व्हो चांगला आहे. दांडी पण हलत असेल तर मुलाचं खरं.

बहुतेक दांडी हलणार नाही. सर्व्हो अ‍ॅक्सलवर न बसवता चॅसिसवर बसवला की पुढे दोन आडवे रॉड येतात, एक सर्व्होपासून चाकाकडे जाणारा स्टिअरिंगचा आणि दुसरा अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा, त्याला पॅनहार्ड म्हणतात. गाडी दबताना हे दोघे आपापल्या कंसात फिरतात, आणि दोघांची लांबी किंवा तिरकेपणा वेगळा असला की कंस जुळत नाहीत आणि चाक ओढलं जातं. त्याला सांगा, समोरून एक फोटो काढ आणि त्या फोटोत दोन्ही रॉडवर पट्टी ठेवून बघ, समांतर आहेत का, आणि एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंतची लांबी जवळपास सारखी आहे का. नसेल तर पॅनहार्डचं चॅसिसकडचं टोक सरकवायचं, सर्व्होला हात लावायचा नाही. टोक कुठे न्यायचं ते आधी पुठ्ठ्यावर ठरव म्हणावं, ड्रिल नंतर.