कोरड्या भागात जंत कमी असतात, मग गुरांच्या कळपाला वर्षातून किती वेळा जंतनाशक द्यावं?

"कोरड्या भागात जंत कमी असतात" हे तुम्ही गृहीत धरून विचारलंय ना, ते वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसलो. पाऊस जेमतेम, वर्षातले बरेच महिने जमीन तापलेली, तर वर्षातून एकदा डोस पुरेल की दोनदा द्यावा, एवढाच तुमचा प्रश्न आहे. एक आकडा सांगून मोकळं होता येईल, पण त्या आकड्याने तुमचं वासरू वाचणार नाही. कोरड्या भागात जंत एकूणात कमी असतीलही, पण जे असतात ते थोड्याशा जागेत आणि थोड्याशा दिवसांत दाटलेले असतात, आणि गुरंही नेमकी त्याच जागेत त्याच दिवसांत जातात. कारण ओल तिथेच, हिरवं तिथेच, पाणी तिथेच.

हे मी माझ्या थोरल्या भावाला वर्षानुवर्षं सांगत आलोय. दादाचं म्हणणं एकच, जंत हा पाणथळ भागाचा आजार, आपल्याकडे जनावर खंगतं ते चाऱ्याअभावी. उन्हाळा संपत आला होता, तलाव पार मधोमध आटला होता आणि आजूबाजूच्या माळावर काडी शिल्लक नव्हती. पाणी जसं मागे सरकलं तसा त्याच्या कडेने हिरव्या गवताचा एक पट्टा उगवला, पावलाखाली चिखल आणि वर कोवळं लुसलुशीत गवत, आणि सगळा कळप दिवसभर तिथेच. दादाला बरं वाटत होतं की चला, टंचाईत फुकटचा हिरवा चारा मिळाला. मी म्हटलं, पाणी डोणीत काढून पाजू पण गुरं त्या चिखलात सोडू नको. ऐकलं नाही.

काही आठवड्यांनी कालवडी आणि खोंडं हगायला लागली. मोठ्या गाई ठीक, फक्त कोवळी जनावरं. साधी हगवण नव्हती ती, पातळ पाण्यासारखी, पिचकारीने उडणारी आणि वास असा की गोठ्यात उभं राहवत नव्हतं. शेपटी, मागचे पाय सगळं माखलेलं, खाणं सुटलेलं, पाण्यावर मात्र सारखी जात होती. दोघींच्या जबड्याखाली मऊ सूज आली, बोट दाबलं की खड्डा पडायचा. दादाने अल्बेंडाझोल हे नेहमीचं जंतनाशक पाजलं, फरक नाही. परत पाजलं, फरक नाही. मग शेण तपासायला पाठवलं, रिपोर्ट आला की अंडी दिसली नाहीत. झालं, दादाला पुरावाच मिळाला. म्हणाला, बघ, जंत नाहीत, कोवळ्या गवतानं पोट बिघडलंय आणि वर उष्णता.

त्यातली एक कालवड गेली. दादा पुरायला निघाला होता, मी अडून बसलो की पोट उघडल्याशिवाय पुरू द्यायची नाही. घरात त्यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. डॉक्टर आले, त्यांनी पहिल्या पोटात बघितलं तर फारसं काही नव्हतं. मग चौथ्या पोटाच्या पुढचा, लहान आतड्याचा सुरुवातीचा हातभर तुकडा त्यांनी उभा चिरला आणि बादलीतल्या पाण्यात खळबळला. आतली भिंत सुजून जाड झालेली, ठिकठिकाणी लाल, वर चिकट शेंबडासारखा थर, आणि तो थर निघाल्यावर खाली तिळाएवढे गुलाबट दाणे भिंतीला चिकटलेले, इतके की बोट ठेवायला जागा नाही. डॉक्टरांनी एक दाणा चिमट्याने ओढला तर तो सुटेना, भिंतीचा कण घेऊनच आला. दादा शेजारी उभा होता, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

ते अँफिस्टोमचे कोवळे कृमी, चपट्या कृमींपैकी. यांचा प्रवास असा, मोठा झालेला कृमी गुराच्या पहिल्या पोटात राहतो आणि तिथे तो सहसा फार त्रास देत नाही. त्याची अंडी शेणातून पाण्यात जातात, अळी गोगलगायीत शिरते, तिथे वाढून बाहेर पडते आणि पाण्याकाठच्या गवताला कवच करून चिकटते. गुरानं ते गवत खाल्लं की कोवळे कृमी आधी लहान आतड्यात उतरतात, भिंतीत घुसून काही आठवडे तिथेच वाढतात आणि मग उलटे वर पहिल्या पोटात जातात. जनावर मरतं ते या आतड्याच्या टप्प्यात, आणि या टप्प्यात कृमी अंडी घालतच नाहीत! मग शेणात अंडी कुठून दिसणार. आणि कोरड्या भागाचं नातं इथेच आहे, पाणी आटतं तसा गोगलगायींचा आणि कवचांचा सगळा साठा छोट्या पट्ट्यात येतो, आणि बाकी सगळीकडे खडखडाट असल्याने गुरं त्याच पट्ट्यात जमिनीलगत चरतात. पाणी पूर्ण आटलं तरी गोगलगाय चिखलात स्वतःला गाडून घेऊन पुढच्या पाण्याची वाट बघते. भरपूर पावसाच्या भागात गुरं दहा ठिकाणी चरतात, इथे एकाच ठिकाणी.

अल्बेंडाझोल या कोवळ्या अँफिस्टोमवर चालत नाही म्हणावं इतकं कमी चालतं, आयव्हरमेक्टिन कुठल्याच चपट्या कृमीवर चालत नाही, आणि ट्रायक्लाबेंडाझोल यकृतातल्या कृमीवर उत्तम पण यांच्यावर नाही. आमच्याकडे डॉक्टरांनी ऑक्सिक्लोझानाइड हे चपट्या कृमींवरचं औषध दिलं, ते परत एकदा दिलं, सोबत सलाईन, आणि कळप त्या पट्ट्यातून बाहेर काढला. बाकीची जनावरं सावरली, पण अंगावर यायला बराच काळ गेला. म्हणून "जंताचं औषध दिलं होतं" या वाक्याला माझ्या लेखी शून्य किंमत आहे. कुठलं औषध, कुठल्या जंतावर, कुठल्या टप्प्यात, ते सांगा.

आता गोलकृमी. जठरात रक्त पिणारा हिमोंकस हा उष्ण भागातला सगळ्यात वाईट. याची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते, आणि उष्णता आणि ओल दोन्ही मिळाली तर आठवडाभरात अंड्यातून खाण्याजोगी अळी तयार होते. उघड्या तापलेल्या जमिनीवर ती अळी लवकर मरते हे खरं, दादाचं तेवढं बरोबर आहे. पण शेणाचा पो वरून वाळून कडक झाला तरी आत ओल धरून राहतो, अळ्या त्यात आठवडे, कधी महिने तग धरतात आणि पहिला चांगला पाऊस पडला की पो भिजून सगळ्या एकदम गवतावर येतात. दुसरं म्हणजे कोरडे महिने हा जंत जनावराच्या आतच काढतो. गिळलेली अळी जठराच्या भिंतीत जाते आणि वाढ थांबवून निजून राहते, पाऊस यायच्या सुमाराला जागी होते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात शेण तपासलं तर अंडी नगण्य, आणि पावसाळा लागताच तीच गाय, बाहेरून नवीन अळ्या न गिळता, शेणातून अंडी टाकायला लागते. अजून एक, हिमोंकसमध्ये बऱ्याचदा हगवण नसतेच, उलट शेण घट्ट असतं. पांढऱ्या पडलेल्या पापण्या, जबड्याखाली सूज, कळपाच्या मागे पडणं, हे बघा. हगवण नाही म्हणून जंत नाही असं म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठवा.

तर किती वेळा? दोन वेळा महत्त्वाच्या. एक कोरडे महिने संपता संपता, निजलेल्या अळ्यांसाठी, आणि त्यांच्यावर चालेल असंच औषध हवं कारण सगळी चालत नाहीत. दुसरी पाऊस सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी, कारण गिळलेली अळी तीन ते चार आठवड्यांत अंडी घालायला लागते, त्याच्या आसपास शेण तपासून ठरवा. पण हे सगळ्या कळपाला नाही!

इथे माझं आणि दादाचं आजही वाजतं. त्या कालवडीनंतर तो दुसऱ्या टोकाला गेला, आता ठरलेल्या तारखेला एकजात सगळ्या गुरांना एकच औषध, वासरापासून बैलापर्यंत, आणि तेही ऐन उन्हाळ्यात. वाचणाऱ्यांपैकी अनेक जण हेच करत असणार म्हणून सविस्तर सांगतो. उन्हाळ्यात वाळलेल्या पोमध्ये तगलेल्या थोड्या सोडल्या तर माळावर अळ्या जवळजवळ नसतात, म्हणजे जंतांची जवळपास सगळी पिढी जनावरांच्या पोटात असते. तेव्हा सगळ्यांना औषध दिलं की जे थोडे जंत औषधाला पुरून उरतात, पुढच्या पावसात मुख्यतः त्यांचीच प्रजा माळावर येते, त्यांच्यात मिसळायला साधे जंत फारसे उरलेले नसतात. ओल्या भागात माळावरच्या अळ्या हे मिश्रण आपोआप करतात, कोरड्या भागात ती सोय नाही, म्हणून इथे औषध जास्त लवकर निकामी होतं. म्हणून धडधाकट मोठ्या गाई, बैल यांना सोडा. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची वासरं, कालवडी, खंगलेली जनावरं आणि नुकत्याच व्यालेल्या अशक्त गाई यांना द्या. मोठ्या जनावरांत अंगची ताकद तयार झालेली असते, चार जंतांनी त्यांचं काही बिघडत नाही. दादा म्हणतो चार जंत तरी का ठेवायचे. तर त्यासाठीच ठेवायचे, म्हणजे औषध पुढेही चालेल.

औषध चालतंय की नाही हे अंदाजाने ठरवू नका. निदान दहा जनावरांचं शेण औषधाआधी आणि नंतर १० ते १४ दिवसांनी तपासा, अंड्यांची संख्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी घटली असेल तर काहीतरी गडबड आहे. बहुतेक वेळा गडबड डोसमध्येच असते, नजरेने वजन धरायचं आणि कमी पाजायचं. छातीच्या घेरावरून वजन काढायची टेप मिळते, ती वापरा, आणि गटाला एकच डोस काढायचा असेल तर गटातल्या सगळ्यात वजनदार जनावराप्रमाणे काढा, फक्त गट एकसारख्या वजनाचा करा.

आयव्हरमेक्टिनबद्दल थोडं विषयांतर. औषध मोठंच आहे, त्याच्या शोधासाठी २०१५ मध्ये कॅम्पबेल आणि ओमुरा यांना नोबेल मिळालं, त्याबद्दल वाद नाही. पण ते शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्यांना मारतं. शेणकिडे पो फोडून जमिनीत नेतात, ते नसले की पो वाळून तसाच पडून राहतो आणि आतल्या अळ्याही. ऑस्ट्रेलियात गुरांच्या शेणावर जगणारे शेणकिडेच पुरेसे नव्हते म्हणून १९६५ पासून सरकारी प्रकल्प काढून बाहेरून आणावे लागले. आपल्याकडे आहेत ते मारू नका, ऊठसूट इंजेक्शन टोचू नका.

वासरांचं वेगळं आहे. दोन-तीन आठवड्यांच्या वासराला जंत कुठून, असं विचारतात. टॉक्सोकारा हा वासरांच्या आतड्यातला गोलकृमी आईच्या दुधातून येतो. अळ्या गाईच्या अंगात निपचित पडून असतात आणि व्याल्यावर दुधात उतरतात, याला माळ कोरडा की ओला याच्याशी देणंघेणंच नाही, म्हशीच्या रेडकांत तर फार. वासराला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात औषध हवं, तीन महिन्यांची वाट बघितली तर तोवर त्याने गोठाभर अंडी पसरवलेली असतात आणि ती अंडी वर्षानुवर्षं टिकतात. आणि रक्ती हगवण, वासरू कुंथतंय, शेणात रक्त आणि शेंबूड, तर ते बहुतेक कॉक्सिडिया. तो जंतच नाही, एकपेशीय जीव आहे, कुठलंही जंतनाशक त्यावर चालत नाही, अँप्रोलियम किंवा सल्फासारखी औषधं लागतात. गळक्या पाण्याच्या हौदाभोवतीची ओल, गर्दी आणि दूध तोडल्याचा ताण ही त्याची आवडती परिस्थिती, म्हणून कोरड्या भागातल्या गोठ्यातही तो ठाण मांडून असतो. हौदाची गळती बंद करणं हा मला वर्षभराच्या डोसांपेक्षा मोठा उपाय वाटतो, आणि हौदाभोवती मुरूम किंवा दगड टाका.

आधीच सांगायला हवं होतं ते आता सांगतो. गाभण गाईला पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नका, गर्भाला अपाय होतो. दुधाच्या गाईला औषध देण्याआधी किती दिवस दूध वापरायचं नाही ते लेबलवर बघा, काही औषधं दुभत्या जनावराला द्यायचीच नसतात. पाजताना मान फार वर करू नका, औषध फुप्फुसात गेलं तर जंतांआधी जनावर जाईल. पापणीच्या रंगावरून ठरवायचा तक्ता दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठी बनला, गुरांत त्यावर विसंबू नका. आणि चारा खरोखरच कमी असेल तर औषध एकटं पुरत नाही, पेंड द्या, प्रथिनं मिळाली की तेवढ्याच जंतांना तेच जनावर बरंच सोसतं. इथे दादाचं अर्धं खरं आहे हे मी त्यालाही सांगितलंय.

तुम्ही पाण्याबद्दल काही लिहिलं नाहीये. गुरं कुठे पाणी पितात, तलावात उतरून की हौदावर, आणि उन्हाळ्याच्या शेवटी हिरवं कुठे खातात, आणि कळपात दोन वर्षांखालची किती आहेत, एवढं लिहा. शेण पाठवणार असाल तर जमिनीवरचं उचलू नका, हातमोजा घालून थेट काढा, थंड ठेवून पाठवा, आणि तपासणाऱ्याला आवर्जून सांगा की चपट्या कृमींसाठी तळाशी बसवूनही बघा, कारण नेहमीच्या तरंगवायच्या पद्धतीत त्यांची जड अंडी वर येत नाहीत.