घोडी तंग आवळताना चावायला येते, काट्यांचा लगाम घालावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : अकलूजच्या घोडेबाजारातून सहा वर्षांची मारवाडी घोडी आणली, कोरेगावजवळ शेतात ठेवली आहे. पहिला महिना शहाण्यासारखी होती. आता खोगीर दिसलं की कान मागे टाकते, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला गेलं की चावायला येते आणि पाठीवर बसलं की डोकं वर फेकून पळ काढते. गावातले जाणते म्हणतात, काट्यांचा लगाम घाला, दोन दिवसांत सरळ येईल. तो घालावा का, आणि खोगीर नि चाऱ्यात अजून काय बघावं?

नका घालू. आणला असेल तर परत करा. 1965 पासून आपल्याकडे ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी जे नियम आहेत, त्यात काटे किंवा टोकं असलेला लगाम वापरायला सरळ बंदी आहे, आणि ती स्वारीलाही लागू आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी मी नकोच म्हणेन, कारण तुम्ही लिहिलेली लक्षणं खोडीची वाटत नाहीत, दुखण्याची वाटतात. महिनाभर चांगली वागणारी घोडी उगाच बदलत नाही. त्या महिन्यात तिच्या अंगावर काय नवं आलं? तुमचं खोगीर, तुमचं वजन आणि तुमच्याकडचा चारा. शोध तिथं घ्यायचा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमचं गाव भिलवडीजवळ, कृष्णाकाठी. माझी पहिली घोडी चांदणी. तिच्यासाठी मी एक वापरलेलं खोगीर घेतलं होतं, पितळी कड्यांचं, चामडं अजून चकचकीत. तीन आठवड्यांनी चांदणी अगदी तुमच्या घोडीसारखी वागायला लागली. मी तिला ओरडलो, दोनदा चापटही मारली. मिरजेत पूर्वी टांगा चालवलेले एक म्हातारे आमच्या शेजारी पाहुणे आले होते. ते उठून गोठ्यात आले, माझ्याशी काही न बोलता घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि बोटांची टोकं पाठीवरनं हळूहळू मागे नेली. आयाळ संपते तिथल्या उंचवट्याच्या थोडं मागे बोटं पोचली आणि चांदणीची पाठ एकदम खाली दबली, जणू कुणी निखारा टेकवला. "घोडी चावत न्हाई रं, सांगतीया," एवढंच म्हणाले. पुढं तिथली कातडी बरी झाली, पण कण्याच्या दोन्ही अंगांना रुपयाएवढे पांढऱ्या केसांचे डाग आले. काळ्या घोडीवरचे ते डाग शेवटपर्यंत गेले नाहीत. खोगीर सतत रुतलं की केसाच्या मुळाशी रंग बनणं थांबतं, म्हणून तिथं केस पांढरे उगवतात. बाजारात घोडा बघताना लोक भोवरे मोजतात, मी आधी खोगिराच्या जागेवर पांढरे केस शोधतो.

तेव्हा उद्या सकाळी हे करा. घोडी सपाट जमिनीवर चारी पायांवर सारखी उभी करा, खरारा करून अंग स्वच्छ करा. कण्यापासून दोन-तीन इंच बाजूला, आधी डाव्या अंगाला मग उजव्या, बोटांच्या टोकांनी मध्यम दाब देत मानेकडून कमरेकडे या. कातडी नुसती थरथरली तर माशी बसल्यासारखं समजा, पण पाठ दबली, शेपूट आपटली, डोळा मोठा झाला किंवा कान मागे गेले, तर ती जागा लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंना त्याच जागी झालं तर खोगिरावर संशय घ्या. एकाच बाजूला झालं तर खोगीर वाकडं असेल किंवा तुम्ही एका अंगावर बसत असाल. कुठं ऊब किंवा सूज लागली तर बसणं त्याच दिवसापासून बंद.

मग खोगीर तपासा. गादी न टाकता नुसतं खोगीर पाठीवर ठेवायचं, थोडं पुढं ठेवून केसांच्या दिशेनं मागे सरकवायचं म्हणजे ते आपल्या जागी बसतं. पुढची कमान आणि पाठीचा उंचवटा यांच्यात दोन-तीन बोटं उभी मावली पाहिजेत, आणि तुम्ही वर बसल्यावरसुद्धा जागा राहिली पाहिजे. मागे उभं राहून बघा : कण्यावर बोगद्यासारखी मोकळी वाट आरपार दिसली पाहिजे. खोगिराचा कुठलाही भाग कण्याला टेकला की विषय संपला, ते खोगीर त्या घोडीसाठी नाही. पुढचा भाग फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या हाडावर चढता कामा नये, नाहीतर प्रत्येक पावलाला हाड त्याच्यावर आपटतं. मागचा भाग शेवटच्या बरगडीच्या पुढे संपला पाहिजे, कारण त्याच्या मागे कमरेला बरगड्यांचा आधार नसतो.

सगळ्यात फसवी चूक आता सांगतो ती. खोगिराखाली तळहात घालून पुढून मागे सरकवा. पुढं हात दाबला जातो, मधे सैल, मागे पुन्हा दाबला जातो, असं झालं तर खोगीर पाठीवर पुलासारखं उभं आहे. तुमचं सगळं वजन चार टोकांवर पडतंय. बाहेरून हे अजिबात दिसत नाही. चांदणीचं खोगीर असंच होतं.

बऱ्याच वेळा दोष खोगिराच्या सांगाड्यात नसतो, भरतीत असतो. 'खोगीरभरती' हा शब्द आपण बिनकामाच्या गोष्टींसाठी वापरतो, पण घोडीची पाठ त्या भरतीवरच टिकते. लोकर किंवा काथ्या वर्षानुवर्षं दबून त्याच्या गाठी होतात. चांगला कारागीर भरती काढून, पिंजून, घोडीच्या पाठीवर बसवून परत भरून देतो. सांगाडा मोडलेला नसेल तर नवं घेण्याआधी हे करून बघा. सांगाडा बघायचा तर पुढची आणि मागची कमान दोन्ही हातांनी धरून एकमेकींकडे दाबा. मधे वाकलं किंवा करकर आवाज आला तर ते खोगीर खुंटीला टांगून ठेवा. आणि जाड गादी घालून खोगीर बसतं करायचा मोह टाळा. बूट चावत असताना आत दोन मोजे घातले तर तो जास्तच चावतो.

नवं घ्यायचं तर माझं मत साधं आहे. वरातीच्या घोड्याचं सजवलेलं खोगीर रोजच्या स्वारीला नको. त्याला कण्यावर मोकळी वाटच नसते. कानपूरला खोगिरांचा मोठा धंदा आहे आणि तिथलं साधं, सर्व कामाचं चामडी खोगीर आपल्या घोड्यांना चालतं, पण मारवाडी घोडीची पाठ अरुंद आणि उंचवटा वर आलेला असतो, म्हणून फोटोवरून मागवू नका. पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते, तेव्हा बंद खोलीत न ठेवता वारा लागेल असं ठेवा. ज्यांना ही निगा जमणार नाही त्यांनी कृत्रिम कापडाचं घ्यावं, धुता येतं. खालची गादी सुती असावी आणि रोज उन्हात टाकावी. घाम वाळून मीठ साचलं की ती खरकागदासारखी होते.

तंग एका दमात आवळू नका. एक भोक, मग घोडीला दहा पावलं चालवा, मग दुसरं भोक. शेवटी तंगाखाली दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. आवळून झालं की पुढचे दोन्ही पाय एकेक करून पुढं ओढा, म्हणजे तंगाखाली अडकलेली कातडीची घडी सुटते. स्वारीनंतर तंग सैल करून पाच मिनिटं चालवा आणि मगच खोगीर उतरवा. उतरवल्यावर घामाचा ठसा बघा. दोन्ही अंगांना सारखा ओला ठसा हवा. ओल्याच्या मधे कोरडा डाग दिसला तर तिथं एकतर फार दाब आहे किंवा खोगीर टेकतच नाही. हात घालून बघितलं की कळतं.

वजनाचं. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि 11,900 नं भागा. घेर 170 आणि लांबी 148 आली तर घोडी साधारण 360 किलोची. खोगिरासकट ओझं त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या, म्हणजे 72 किलोच्या आसपास असावं. तुम्ही त्याहून बरेच जड असाल तर लांब दौड नको.

आता तोंड. लगाम जिथं बसतो तिथं हिरडीवर दात नसतात, पातळ कातडीखाली लगेच हाड असतं. काटे त्या हाडावर टोचतात. डोकं वर फेकणं म्हणजे तिथून सुटायची धडपड. मधे सांधा असलेला गुळगुळीत लगाम घ्या, दोन्ही ओठांच्या बाहेर पाव-पाव इंच राहील एवढा रुंद. पण त्याआधी दात तपासून घ्या. घोड्याचे दात झिजत जातात आणि वरच्या दाढांच्या बाहेरच्या, खालच्यांच्या आतल्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. अर्धवट चावलेले चाऱ्याचे गोळे गव्हाणीत पडत असतील तर बहुतेक तेच. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून कानशीनं दाढा घासून घ्याव्यात. तुमच्या जिल्ह्यातच शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, घोडीची पाठ, तोंड आणि पोट तिथं एकाच फेरीत दाखवता येईल.

पोटाचा इथं काय संबंध, असं वाटेल. खूप आहे. तुम्ही लिहिलंय की सकाळ-संध्याकाळ हरभरा, गव्हाचा कोंडा आणि बाकी वेळ उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला. घोड्याचं पोट अंगाच्या मानानं फार लहान, आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरतं. निसर्गानं त्याला दिवसभर थोडं थोडं चरायला बनवलंय. दोन वेळा चंदी, म्हणजे दाणा, आणि मधे रिकामं पोट असलं की आतून फोड येतात, आणि असा घोडा तंग आवळताना चावायला येतो. म्हणजे पाठ चांगली निघाली तरी पोट दुखत असू शकतं.

ऊसपट्ट्यात वाडं फुकट मिळतं म्हणून आपण सगळेच ते टाकतो. पण वाड्यातलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि कोंड्यात फॉस्फरस जास्त. दोन्ही एकत्र बरेच महिने दिलं की घोडा स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढतो, लंगडतो, तोंडाची हाडं सुजतात. वाडं हा मुख्य चारा नको. 360 किलोच्या घोडीला रोज साडेपाच ते सात किलो वाळलेला चारा लागतो, तो चार-पाच वेळा विभागून द्या, थोडी लसूणघास जोडा, तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं. हरभरा भिजवून, तोही कामाच्या मानानं. मूठभर मीठ आणि सतत स्वच्छ पाणी. स्वारीला निघण्याआधी थोडा चारा खाऊ द्या. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा, एकदम केला तर पोटशूळ होतो. ज्वारीचे कोवळे फुटवे घोड्यालाही नको, गुरांना किराळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा होते, तोच धोका. आणि गुरांची गोळी पेंड किंवा कोंबडीखाद्य कधीच देऊ नका. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं, गाईला ते पचतं, घोड्याचं हृदय बंद पाडतं.

पोटशूळ कधी उठलाच, म्हणजे घोडी पायानं जमीन उकरते, कुशीकडे वळून बघते, लीद बंद होते, तर बाटलीनं तेल-हिंग ओतू नका. ते फुप्फुसात जाऊ शकतं. चारा काढून घ्या, हळू चालवा आणि डॉक्टरांना किंवा 1962 या जनावरांच्या मदत क्रमांकाला फोन करा.

बाजारातून आणली आहे म्हणून ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजाराची चाचणी झाल्याचा कागद आहे का बघा, नसेल तर करून घ्या, तो आजार माणसालाही होतो. धनुर्वाताची लसही टोचून घ्या, घोड्याला तो फार लवकर धरतो. नालबंद सहा आठवड्यांनी, खूर रोज आकड्यानं साफ.

पाठीला दुखरी जागा सापडली तर तीन आठवडे बसू नका. मोहरकी, म्हणजे तोंडाला बांधायची दोरी, धरून कालव्याच्या मातीच्या रस्त्यानं रोज तासभर पायी फिरवा, तिलाही बरं वाटेल आणि तुमची ओळख वाढेल. चांदणीबरोबर मी ते तीन आठवडे चाललो होतो, आणि त्यानंतर बदललेल्या खोगिरानं तंग आवळताना तिनं परत कधी मान वळवली नाही. खोगिराचा खालून, आणि पाठीचा मागून असे दोन फोटो इथं टाका, घामाचा ठसा घेतलात तर तोही. बघून सांगतो भरती बदलून भागेल की नाही.