पिशवी माझी, सही नवऱ्याची

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातली, वय ३९. चौदा महिन्यांपूर्वी पोट दुखायचं म्हणून सोनोग्राफी केली, डाव्या अंडाशयावर गाठ निघाली. मिरजेच्या एका खासगी दवाखान्यात दुर्बिणीतून गाठ काढायचं ठरलं. शुद्धीवर आले तर पोटावर मोठे टाके. 'गाठ मोठी होती' एवढंच सांगितलं. घरी आल्यावर आशाताईंनी डिस्चार्ज कार्ड वाचलं, तेव्हा कळलं की गर्भपिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढलीत. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन चालू असताना मिस्टरांची सही घेतली होती. मिस्टर म्हणतात, दोन पोरं झालीत, आता पिशवी काय करायचीय, वाद नको. भाऊ म्हणतो, चार पोरं घेऊन जातो दवाखान्यात. मला रात्री अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही. मी एकटीनं तक्रार करू शकते का?

उत्तर : ताई, करू शकता. मिस्टरांची परवानगी ऑपरेशनलाही पुरेशी नव्हती आणि तक्रारीला तर लागतच नाही.

तुम्ही पाठवलेला संमतीपत्राचा फोटो मी मोठा करून पाहिला. छापील इंग्रजी मजकूर, मध्ये रिकाम्या जागा. तुमच्या सहीच्या वर निळ्या शाईत 'लॅप्रोस्कोपी', म्हणजे दुर्बिणीतून, असं लिहिलंय. त्याच्या खाली, कडेला दाटीवाटीनं, काळ्या शाईत 'टीएएच, बीएसओ'. म्हणजे पोट उघडून गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढणं. त्या ओळीपुढे सही मिस्टरांची, वेळ लिहिलेली नाही. तुमची अख्खी केस या दोन शायांत आहे.

तुमच्यासारखंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा. बाई ४४ वर्षांच्या, संमती दुर्बिणीच्या तपासणीची. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय, अंडाशयं काढली. १६ जानेवारी २००८ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की पेशंट सज्ञान आहे, तात्पुरती बेशुद्ध आहे, थोड्या वेळानं शुद्धीवर येणार आहे. तिच्याऐवजी दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही. अपवाद एकच. थांबलं तर जीव जाईल किंवा प्रकृतीला गंभीर धोका होईल, अशी वेळ असेल तर डॉक्टर पुढे जाऊ शकतात. 'पोट उघडलंच आहे तर काढून टाकू, पुढचा त्रास आणि खर्च वाचेल' हे कारण चालत नाही, डॉक्टरांचा हेतू कितीही चांगला असला तरी.

डॉक्टरांचे वकील एक मुद्दा हमखास काढतील, म्हणून आधीच सांगते. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत पतीच्या संमतीचा उल्लेख आहे. मूल होण्याची क्षमता जाईल अशा ऑपरेशनला पती-पत्नी दोघांची संमती हवी, असं ती म्हणते. दोघांची. म्हणजे नवऱ्याची सही बायकोच्या सहीला जोड म्हणून, बदली म्हणून नव्हे. कोर्टात लोक हा नियम अर्धाच वाचून दाखवतात.

ऑपरेशन करायला हवं होतं की नव्हतं, हा वेगळा प्रश्न आहे. त्यात डॉक्टर बरोबरही ठरू शकतील. काढलेलं गर्भाशय लॅबला तपासायला पाठवतात. तो हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट मिळवा. कॅन्सरची शंका खरी निघाली असेल तर त्यांची बाजू थोडी बळकट होते. तरीही, तुम्हाला उठवून, सांगून, आठवड्यानं दुसरं ऑपरेशन का करता आलं नसतं, याचं उत्तर त्यांना द्यावंच लागेल. रिपोर्ट साधा असेल तर तातडी होती असं म्हणायला त्यांच्याकडे फारसं काही उरत नाही.

म्हणून आधी कागद. दवाखान्याला साध्या मराठीत अर्ज लिहा: माझ्या संपूर्ण केसपेपरची प्रत द्या, संमतीपत्र, ऑपरेशनच्या नोंदी, भूलतज्ज्ञाच्या नोंदी, सोनोग्राफी, हिस्टोपॅथॉलॉजी, बिलं. रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह पाठवा किंवा हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. काउंटरवर तोंडी मागून परत येऊ नका. अर्ज मिळाल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि ते तीन वर्षं जपून ठेवणंही. दिलं नाही तर तेच एक व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार होते. मिरज महापालिका हद्दीत येत असल्यानं एक प्रत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना द्या.

नुकसानभरपाई ग्राहक आयोगाकडे मागायची. ऑपरेशनपासून दोन वर्षांची मुदत, चौदा महिने गेले, दहा उरलेत. पण छाटणी, द्राक्षं, बेदाणा यात दहा महिने कसे जातात हे तुम्हाला मी सांगायला नको. बिल मिस्टरांनी भरलं असलं तरी उपचार तुम्ही घेतलेत, म्हणून ग्राहक तुम्हीच. पाच लाखांपर्यंतच्या बिलाला आयोगाची फी नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर सांगलीच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आता कडू भाग. वर सांगितलेल्या प्रकरणात ऑपरेशन १९९५ चं, शेवटचा निकाल २००८ चा. भरपाई पंचवीस हजार, आणि डॉक्टरांना त्यांची फी सोडावी लागली. तुमचं वय कमी आहे, त्रास नोंदवता येण्यासारखा आहे, त्यामुळे मागणी जास्त करता येईल; पण आकड्याची हमी मी देणार नाही. अंडाशयं गेल्यामुळे होणाऱ्या वाफा, झोपेचा त्रास, हाडांची झीज यासाठी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. उपचार तर व्हायलाच हवेत, आणि तेच कागद उद्या नुकसानीचा पुरावा होतात.

भावाला घरी बसवा. दवाखान्यात मारहाण, मोडतोड केली तर महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानं अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. शिवाय त्या दिवसापासून पीडित तुम्ही नाही, डॉक्टर. पोलीस तक्रारीचीही घाई नको. डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं जातं.

मिस्टरांचं काय, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पत्रभर तेच आहे. ते आरोपी होत नाहीत. ते साक्षीदार आहेत, आणि महत्त्वाचे. सही घेताना त्यांना नेमकं काय सांगितलं? 'अंडाशय' हा शब्द त्यांच्या कानावर पडला का? ऑपरेशन थिएटरच्या दारात कुणी कागद पुढे केला आणि 'लवकर करा' म्हटलं, तर शेकडा नव्वद माणसं सही करतात. भांडण न करता एकदा विचारा आणि ते सांगतील तसं तारखेसह वहीत उतरवा.

आणि मूळ संमतीपत्र तुमच्याकडे असेल तर खराब होईल म्हणून ते लॅमिनेट करू नका. शाई तपासायची वेळ आली तर प्लास्टिकखाली नीट तपासता येत नाही.